गर्वाचं घर खाली? बोव्हेच्या कॅथेड्रलची उलटतपासणी

माझी पीएचडी कशावर आहे असं कुणी विचारलं, की हल्ली मी ‘वाळूवर’ एवढंच सांगते. जेवणाच्या पंगतीत तेवढं पुरतं. तुमच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. वाळू, धान्य, खडी अशा दाणेदार पदार्थांच्या ढिगावर वजन ठेवलं, तर ते आत कुठल्या दाण्यांवरून कुठे उतरतं, हे मी बघते. वाळूच्या आत डोकावता येत नाही, म्हणून आम्ही तिच्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या, नाण्याएवढ्या चकत्या रचतो. चकतीवर जोर आला की विशिष्ट प्रकाशात ती उजळते. ढिगातून उजळलेल्या चकत्यांच्या साखळ्या दिसायला लागतात. फार सुंदर दिसतं ते.

मागच्या वर्षी त्यातली एक चकती तडकली. मी वहीत लिहून टाकलं, ‘भार जास्त झाला’. माझ्या गाईड मॅडमनी ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: “त्याच साखळीतल्या पुढच्या चकतीवरही तेवढाच भार होता ना? मग ती का नाही तडकली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस भिंगाखाली तुकडे बघितल्यावर सापडलं. चकती कापताना तिच्या कडेला केसाएवढी खाच राहिली होती आणि तडा तिथूनच सुरू झाला होता. चूक माझीच, कारण कापलं मी होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एक जुना शोधनिबंध हातात ठेवला आणि म्हणाल्या, “वाच. तुझ्यासारखंच एका इमारतीबद्दल लोक सातशे वर्षं म्हणतायत, भार जास्त झाला म्हणून.”

ही पोस्ट त्या इमारतीबद्दल आहे.

आधी थोडं नावाबद्दल

कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, असा आपला समज असतो. खरं तर आकाराचा इथे संबंध नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. जुन्या गोव्यातल्या ‘से कॅथेड्रल’मधला ‘से’ हा पोर्तुगीज शब्दही आसन याच अर्थाचा. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस हेही कॅथेड्रल आहे. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जायचे त्याचं नाव चर्चगेट, आणि ते नाव आपण रोज लोकलमध्ये ऐकतो.

आसन बिशपचं, म्हणजे इमारत त्याच्या शहराच्या मानाची. बाराव्या-तेराव्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये या मानाचं रूपांतर उंचीत झालं. पॅरिसचं नोत्र दाम ११६३ च्या सुमारास सुरू झालं. त्याच्या आतल्या छताची, म्हणजे दगडी कमानींच्या छताची उंची सुमारे ३३ मीटर. मग शार्त्र, मग रँस, आणि १२२० मध्ये सुरू झालेलं आमियाँ: सुमारे ४२ मीटर. दर वेळी आधीच्यापेक्षा थोडं वर.

पॅरिसच्या उत्तरेला बोव्हे नावाचं गाव आहे. तिथलं जुनं चर्च १२२५ मध्ये जळालं आणि बिशप मिलाँ यांनी नवं बांधायला घेतलं. १२७२ मध्ये त्याचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे जिथे वेदी असते आणि धर्मगुरू प्रार्थनेला बसतात तो ‘क्वायर’, पुरा झाला. आतल्या छताची उंची: सुमारे ४८ मीटर. आपल्याकडची सोळा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा, आणि आतले सगळे मजले काढून टाका. जमिनीपासून छतापर्यंत नुसती पोकळी, आणि भिंतींच्या जागी बहुतेक काचाच. हे सगळं चुन्यात बसवलेल्या दगडांचं. गॉथिक शैलीत याहून उंच दगडी छत त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही कुणी केलं नाही.

बारा वर्षं ते उभं राहिलं. २९ नोव्हेंबर १२८४ ला क्वायरच्या छताचा मोठा भाग खाली आला.

सोपं उत्तर

पुढची गोष्ट तुम्हीच सांगू शकाल. शेजारच्या गावांवर कुरघोडी करायची हाव, देवालाही हात लावायला निघालेला माणूस, आणि मग आपटी. गर्वाचं घर खाली. ही म्हण मराठीत आहे, आणि तिच्या अर्थाची गोष्ट बोव्हेबद्दल कित्येक पुस्तकांत आहे. तिथे ती आणखी भारदस्त भाषेत असते: गॉथिक स्थापत्यानं आपली मर्यादा ओलांडली, दगड जितका उंच जाऊ शकतो त्याच्या पलीकडे बोव्हे गेलं, आणि म्हणून पडलं.

मला ही गोष्ट आधी पटली होती. तडकलेल्या चकतीचा माझा निष्कर्षही याच जातीचा होता. पण मॅडमचा प्रश्न इथे लावून बघू या: मग बाकीचं का नाही पडलं?

क्वायरचा आकार समजून घ्या. सरळ लांबट दालन, आणि पूर्वेच्या टोकाला ते अर्धगोल होऊन संपतं. छताची उंची दोन्हीकडे सारखीच, ४८ मीटर. १२८४ मध्ये पडला तो सरळ भाग. अर्धगोल टोक उभंच राहिलं.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. गावानं क्वायर पुन्हा बांधला. ते काम चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. घाबरून त्यांनी उंची कमी केली का? नाही. परत तेवढीच ठेवली. फक्त सरळ भागातल्या प्रत्येक दोन खांबांच्या मधोमध आणखी एक खांब घातला. ते छत आजही तिथे आहे. उंची हाच गुन्हा असता तर शिक्षा पुन्हा व्हायला हवी होती. साडेसहाशेहून जास्त वर्षं झाली, झालेली नाही.

म्हणजे दगडाची मर्यादा ओलांडली गेली नव्हती. हे आकड्यांतूनही दिसतं. बऱ्यापैकी दगडाच्या एका घनमीटरचं वजन साधारण दोन ते अडीच टन असतं, आणि तो चिरडायला एका चौरस मीटरवर चार हजार टनांच्या घरात भार लागतो. भागाकार करा. दगडावर दगड ठेवत सरळ खांब रचला, तर सगळ्यात खालचा दगड स्वतःच्या खांबाच्या वजनानं चिरडायला खांब दीड-दोन किलोमीटर उंच व्हावा लागेल. त्यापुढे ४८ मीटर म्हणजे काहीच नाही. छताचं वजन खांबांवर एकवटतं हे धरलं तरी दगडाच्या ताकदीचा छोटासा हिस्साच वापरला जातो.

केंब्रिजचे अभियंते जॅक हेमन यांनी १९६० च्या दशकात हाच मुद्दा मांडला. दगडी इमारती दगड चिरडून सहसा पडत नाहीत. त्या पडतात तोल गेल्यामुळे. प्रश्न ताकदीचा कमी, आकाराचा जास्त असतो.

कमान ढकलते

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, दहीहंडीपुरतंच आहे.

गुळगुळीत भिंतीला शिडी टेकवून वर चढलात की शिडीचा पाय मागे सरकू बघतो. तुमचं वजन सरळ खाली आहे, पण शिडी तिरकी असल्यामुळे ती जमिनीला आडवंही ढकलते. कमान म्हणजे एकमेकींवर टेकलेल्या दोन शिड्या. ती स्वतःच्या वजनानं दोन्ही बाजूंना सतत ढकलत असते. कमानीचं छत जमिनीलगत असेल तर जाड भिंत हा रेटा घेते. पण ४८ मीटरवर, काचांच्या वर बसवलेल्या छताचा रेटा कोण घेणार?

दहीहंडीचा थर आठवा. मधल्या गोविंदांच्या खांद्यांवर बाकीचे चढतात, पण खालच्या थराभोवती बाहेरून कडं करून रेटा देणारे लोक असतात. त्यांच्या डोक्यावर कुणी नसतं. तरी ते हटले तर थर फाकतो. गॉथिक कॅथेड्रलचं तंत्र हेच आहे. इमारतीच्या बाहेर दगडी मनोरे उभे करायचे आणि त्यांच्यापासून छताच्या बुडापर्यंत हवेतून तिरप्या कमानी टाकायच्या. यांना ‘फ्लाइंग बट्रेस’ म्हणतात. आपण त्यांना उडते टेकू म्हणू. मधली भिंत मोकळी होते आणि तिथे काचा बसतात.

बोव्हेला क्वायरच्या बाजूचे सोपे रुंद आहेत. त्यामुळे बाहेरच्या मनोऱ्यापासून छतापर्यंत एका उडीत पोचायचं नाही. टेकू दोन टप्प्यांत जातो: मनोऱ्यापासून मधल्या एका सडपातळ दगडी खांबापर्यंत, आणि तिथून पुढे छताच्या बुडाशी. हा मधला खांब लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर संशय आहे.

दोन संशयित

१२८४ चा ढिगारा केव्हाच साफ झाला. बांधणाऱ्यांनी नकाशे किंवा हिशेब मागे ठेवलेले नाहीत. मग कारण शोधायचं कसं?

एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुविशारदानं एक शक्यता मांडली. पॅरिसच्या नोत्र दामची दुरुस्ती करणारा तो हाच. त्याचं म्हणणं साधारण असं: खांब अनेक थरांचा आणि प्रत्येक दोन थरांमध्ये चुन्याचा गारा. चुना अगदी सावकाश घट्ट होतो, आणि वजनाखाली वर्षानुवर्षं थोडा थोडा दबत जातो. त्यामुळे मुख्य खांब किंचित खचला. पण वरच्या भागात त्याला लागून अखंड दगडाच्या बारीक जोडस्तंभिका होत्या. त्यांच्यात गाऱ्याचे सांधे कमी, म्हणून त्या खचल्या नाहीत. परिणामी खांबानं सोडलेला भार त्यांच्यावर आला. तो पेलण्यासाठी त्या नव्हत्याच. त्या मोडल्या, आणि वरचा तोल बिघडत गेला.

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे बारा वर्षांचा हिशेब. इमारत बांधून झाली त्या दिवशी ती ठीक होती. बिघाड आत हळूहळू पिकत होता. चुन्याचं काम केलेल्या गवंड्याला हे सांगावं लागणार नाही.

दुसरी शक्यता शंभरेक वर्षांनी आली, आणि तीच माझ्या हातात आलेल्या निबंधात होती. प्रिन्स्टन विद्यापीठातले रॉबर्ट मार्क आणि मॉरी वुल्फ यांनी १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. रॉबर्ट मार्क अभियंते. यंत्रांच्या भागांवरचा ताण तपासण्याची एक पद्धत त्यांनी कॅथेड्रलांवर वापरली. ती पद्धत मी रोज वापरते, फक्त वाळूसाठी.

घरी करून बघा

लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांपुढे धरून सावकाश फिरवा. एका कोनात पडदा काळा होईल. आता त्या काळ्या पडद्यापुढे पारदर्शक प्लास्टिकची पट्टी किंवा कंपासपेटीतला गुण्या धरा. प्लास्टिकमध्ये रंगीत पट्टे दिसतील. जिथे पट्टे दाट, तिथे ताण जास्त. पट्टी साच्यात थंड होताना आत अडकून राहिलेला हा ताण आहे. हातांनी थोडी वाकवलीत तर पट्टे हलतील.

होतं काय, तर ताण आला की प्लास्टिकचे प्रकाशीय गुणधर्म दिशेनुसार बदलतात. त्यातून जाणारा प्रकाश दोन हिश्श्यांत वेगवेगळ्या वेगानं जातो, आणि गॉगलनं ते हिस्से पुन्हा एकत्र केले की रंग दिसतात. याला ‘फोटोइलॅस्टिसिटी’ म्हणतात.

मार्क यांनी कॅथेड्रलच्या आडव्या छेदाची छोटी प्रतिकृती इपॉक्सी प्लास्टिकमध्ये कापली: खांब, छताची कमान, मधला खांब, टेकू, बाहेरचा मनोरा. दगडाच्या वजनाच्या प्रमाणात तिला ठिकठिकाणी छोटी वजनं टांगली. मग सगळं भट्टीत तापवायचं आणि अगदी सावकाश थंड करायचं. गरम असताना प्लास्टिक भाराखाली किंचित वाकतं, आणि थंड झाल्यावर तो ताण आत गोठून बसतो. वजनं काढली तरी राहतो. मग प्रतिकृती प्रकाशात धरायची आणि पट्टे मोजायचे. वाऱ्यासाठी वेगळी चाचणी: बाजूनं ढकलणारे भार.

वारा हा इथला महत्त्वाचा साक्षीदार आहे. आपण इमारतीचं वजन बघतो आणि वारा विसरतो. वजन रोज सारखं असतं. वारा मात्र उंचीबरोबर वाढतो, आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट तर दाब चौपट. शिवाय बोव्हेच्या क्वायरला पश्चिमेला लांब सभामंडपाचा आधार नव्हता, कारण तो बांधलाच नव्हता.

प्रतिकृतीत काय दिसलं? मुख्य खांबांपेक्षा जास्त धोका त्या मधल्या सडपातळ खांबात होता. जोराच्या वाऱ्यात त्याच्या एका बाजूला दाबाऐवजी ताण येत होता. दगडाला दाबलेलं चालतं, ओढलेलं चालत नाही, आणि चुन्याच्या सांध्याला तर अजिबात नाही. दाबाला तो पहाड, ओढीला पापड. एका वादळात सांधा जरासा उघडतो, वारा पडला की मिटतो. पुढच्या वादळात पुन्हा उघडतो. अशी बारा वर्षं. मधला खांब कामातून गेला की त्याच्यावर टेकलेला उडता टेकू जातो, आणि टेकू गेला की छताला बाहेरून धरणारं कुणी उरत नाही.

म्हणजे दहीहंडीत वरचा गोविंदा घसरला नाही. कड्यातल्या एकाचा गुडघा दुखत होता.

मग गुन्हेगार सापडला का?

इथे मला हात थोडा आखडता घ्यायचाय. हेमन यांचा या पद्धतीवरच आक्षेप होता. प्लास्टिकची प्रतिकृती अखंड असते, खरी इमारत सुट्या दगडांची. कुठे बारीकशी भेग पडली, पाया बोटभर खचला, तरी भार उतरण्याच्या वाटा बदलतात. मग प्रतिकृतीतला ताण हाच इमारतीतला ताण, असं कसं म्हणायचं? मार्क यांच्या बाजूनं उत्तर असं देता येतं, की प्रतिकृतीत जिथे ओढ दिसते तिथे खऱ्या इमारतीत भेग पडायची शक्यता जास्त. त्यामुळे कुठे बघायचं हे तरी ती सांगते.

इतिहासाच्या बाजूनं स्टीफन मरी यांनी दगड न दगड बघून बोव्हेवर १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्यामुळे लक्षात येतं, की हा क्वायर एका झटक्यात, एका नकाशावरून उभा राहिलेला नाही. काम पन्नासेक वर्षं चाललं, मध्ये थांबलं, मुकादम बदलले, आराखडे बदलले. खालचा भाग एका कल्पनेनं सुरू झाला आणि वरचा दुसऱ्या कल्पनेनं संपला. शिवाय सरळ भागातल्या खांबांमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त होतं. पडझडीनंतर गवंड्यांनी नेमकं तेच अंतर निम्मं केलं, हे आठवून बघा. चौदाव्या शतकातल्या त्या माणसांनी ढिगारा स्वतः बघितला होता. त्यांचा निदान-कागद आपल्याकडे नाही, पण त्यांचं औषध आपल्यासमोर उभं आहे. त्यांनी छत खाली आणलं नाही, आधार वाढवले.

या सगळ्या मंडळींचं एकमेकांशी पटत नाही. पण एका बाबतीत ते एका बाजूला उभे आहेत: प्रत्येक जण विशिष्ट जागेकडे बोट दाखवतो. हा सांधा, हा खांब, हे अंतर. ‘हाव’ हे कुणाचंच उत्तर नाही.

दुसऱ्यांदा

कुणी म्हणेल, पण बोव्हे पुन्हाही पडलं ना? पडलं, आणि ती गोष्ट वेगळी आहे.

मधल्या युद्धांच्या काळात काम ठप्प होतं. १५०० मध्ये आडवे हात, म्हणजे ट्रान्सेप्ट, बांधायला घेतले आणि शतकाच्या मध्याला ते झाले. आता उरला होता पश्चिमेचा सभामंडप, जिथे लोक उभे राहतात तो. पण त्याआधी मधोमध मनोरा उभारायचं ठरलं. १५६९ मध्ये तो पुरा झाला. उंची १५३ मीटर. त्या वेळी माणसानं बांधलेलं याहून उंच काहीही जगात उभं नव्हतं.

मनोरा चार खांबांवर होता. पूर्वेला क्वायर, उत्तर-दक्षिणेला आडवे हात, असा तीन बाजूंनी आधार. पश्चिमेला काहीच नाही, कारण सभामंडप ‘नंतर’ होणार होता. खांब पश्चिमेकडे कलायला लागले. तज्ज्ञांना बोलावलं गेलं, त्यांनी पश्चिमेला आधार बांधा असं सांगितलं. निर्णयाला वेळ लागला. ३० एप्रिल १५७३, स्वर्गारोहणाचा सण. लोक मिरवणुकीनं बाहेर पडले होते, आणि मनोरा कोसळला. सण होता म्हणून माणसं वाचली.

इथेही गर्व म्हणून मोकळं होता येईल. पण पुन्हा बघा: चूक १५३ या आकड्यात शोधण्यापेक्षा कामाच्या क्रमात शोधा. आधी मनोरा, मग आधार. आणि कलतंय हे कळल्यावरही गेलेला वेळ. ही चूक प्रत्येक शतकात, प्रत्येक देशात, कुठल्याही उंचीच्या इमारतीत होऊ शकते.

त्यानंतर पैसे संपले. सभामंडप कधीच झाला नाही. जिथे तो व्हायचा तिथे आजही दहाव्या शतकातलं जुनं, बुटकं चर्च आहे. नव्याला जागा करून देण्यासाठी ते पाडलं जाणार होतं, पण तेवढं काम पुढे सरकलंच नाही. त्यामुळे बोव्हेला पश्चिमेकडून गेलात तर आधी ते ठेंगणं छप्पर दिसतं आणि त्याच्या मागे अचानक आभाळाला भिडलेली भिंत.

अजून उभं आहे

जून १९४० च्या बॉम्बहल्ल्यांत बोव्हेचा जुना भाग जळून गेला. कॅथेड्रल वाचलं. गंमत म्हणजे धोका नंतर आला, तो चांगल्या हेतूनं. बाहेरच्या टेकूंना एकमेकांशी बांधणारे जुने लोखंडी दांडे होते. १९६० च्या दशकात ते अनावश्यक आणि कुरूप वाटून त्यातले काही काढले गेले. वाऱ्यात टेकू जास्त हलायला लागले. मग घाईनं पोलादी दांडे बसवले. पुढे १९९० च्या दशकात आडव्या हातांत लाकूड आणि पोलादाचे भक्कम टेकू आतून लावावे लागले. आज आत गेलात तर त्या देखण्या कमानींच्या मध्ये ते तिरपे वासे खटकतात. नंतर कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं लेझरनं सगळी इमारत मोजून तिची संगणकावर प्रतिकृती केली. प्लास्टिकच्या जागी आता आकडे आले, प्रश्न तोच आहे: वारा आला की भार कुठून जातो?

‘गर्वाचं घर खाली’ यात माझी तक्रार म्हणीशी नाही. माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. इमारतीच्या बाबतीत तिचा तोटा असा, की ती तपास थांबवते. कारण गर्व असेल तर आपण नम्र राहिलं की झालं, सांधे तपासायची गरज नाही. आपल्याकडेही काही कोसळलं की दोन दिवसांत एक ठसठशीत शब्द सापडतो, सगळ्यांचं समाधान होतं, आणि नेमका कुठला सांधा आधी गेला हे विचारणारा माणूस रटाळ वाटायला लागतो. बोव्हे आज उभं आहे ते अशाच रटाळ माणसांमुळे. चौदाव्या शतकात मधले खांब घालणारे गवंडी त्यातले पहिले, आणि वादळाच्या रात्री पोलादी दांड्यांवरचा ताण मोजणारे आत्ताचे.

कॅथेड्रलमध्ये विशेष काय, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी उंची, काचा, शिल्पं असं मिळतं. बोव्हेपुरतं माझं उत्तर असं आहे: एकदा पडूनही त्या गावानं उंची सोडली नाही आणि चूकही नाकारली नाही. दोन्ही एकत्र करणं अवघड असतं.

वहीतली ‘भार जास्त झाला’ ही ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं, ‘कडेला खाच. कापण्याची पद्धत बदलली.’ भार तेवढाच ठेवलाय. चकत्या अजून तरी टिकून आहेत.